पिल्लू घेताय? आधी त्याची आई बघा

व्हॉट्सॲपवर फोटो येतो : ‘लॅब्रॅडॉरचं पिल्लू, ३५ दिवसांचं, केसीआय पेपरसह. आजच बुक करा.’ मुलं हट्ट धरतात आणि आपण ॲडव्हान्स पाठवून मोकळे होतो. पण धोक्याची पहिली खूण त्या मेसेजमध्येच असते : ३५ दिवस.

नियम काय आहेत?

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. त्यानुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी किमान १८ महिन्यांची हवी, वर्षात तिचं एकच वेत आणि आयुष्यभरात जास्तीत जास्त पाच.

आठ आठवडेच का? भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं हे पिल्लू याच काळात शिकतं. फार लवकर तोडलेली पिल्लं पुढे भित्री किंवा चावरी होण्याची शक्यता जास्त असते.

‘पेपर’ आहेत म्हणजे सगळं ठीक?

नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र पिल्लाची वंशावळ सांगतं, तब्येत नाही. ते ब्रीडरच्या सरकारी नोंदणीची जागाही घेत नाही. दोन्ही कागद वेगवेगळे मागा.

प्रत्यक्ष गेल्यावर काय पाहाल?

- पिल्लाची आई. ‘ती गावाला आहे’ असं उत्तर मिळालं तर परत फिरा.
- जागा स्वच्छ आहे का? मादी पिंजऱ्यातच असते की मोकळी फिरते?
- लसीकरणाचं कार्ड. त्यावर तारीख, लसीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा.
- लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आई-वडिलांच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का? या जातींमध्ये खुब्याचा आजार पुढच्या पिढीत उतरतो.

रस्त्यात किंवा स्टेशनबाहेर ‘डिलिव्हरी’ घेऊ नका. पार्वो विषाणूची लागण झाली तरी लक्षणं साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात. म्हणजे गाडीत बागडणारं पिल्लू चार दिवसांनी रक्ताची हगवण लागून दवाखान्यात असू शकतं. तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो.

चांगला ब्रीडर कसा ओळखायचा?

तो तुम्हालाच प्रश्न विचारतो. घरी दिवसभर कोण असतं? सोसायटीत आधी कुत्रा होता का? बाहेरगावी गेलात तर सांभाळणार कोण? तो घाई करत नाही, कधी कधी थांबायलाही लावतो. आणि ‘जमलं नाही तर पिल्लू मलाच परत द्या’ असं स्वतःहून सांगतो.

शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. कळकट पिंजऱ्यातलं आजारी पिल्लू पाहून ‘निदान याला तरी वाचवू’ असं वाटतं. पण तुम्ही पैसे मोजले की त्या पिंजऱ्यात दुसरं पिल्लू येतं आणि त्याची आई पुन्हा गाभण राहते. विकत घेण्याऐवजी तक्रार करा. आणि विशिष्ट जातच हवी असा आग्रह नसेल, तर आधी जवळच्या शेल्टरमध्ये एक चक्कर मारून या.