धाकट्या मेंदूचा कारभार

भरलेली समजून रिकामी कळशी उचलली की हात झटक्यासरशी वर जातो. कळशी हलकी आहे हे कळण्याआधीच हातानं भरल्या कळशीचा जोर लावलेला असतो. हालचाल करण्यापूर्वीच तिचा अंदाज बांधायचा आणि तो चुकला तर पुढच्या खेपेला सुधारायचा, हे काम मुख्यतः लहान मेंदूचं, म्हणजे अनुमस्तिष्काचं.

माणसाचा मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. त्याचे ठळक भाग तीन. कवटीचा बहुतेक भाग व्यापून बसलेला मोठा मेंदू पाहणं, ऐकणं, बोलणं, विचार आणि निर्णय सांभाळतो. त्याच्याखाली मेंदूचा देठ; श्वास, हृदयाचे ठोके, झोप-जाग त्याच्या ताब्यात. देठाच्या मागच्या अंगाला, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. त्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकूण मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा.

पेशी मोजल्या की मात्र हिशेब उलटा होतो. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हुझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या एकेका भागाचं एकजीव द्रावण केलं, त्यातली पेशीकेंद्रकं रंगवली आणि मोजली. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. विचारांचं माहेरघर मानल्या जाणाऱ्या मोठ्या मेंदूच्या बाह्य थरात त्यांपैकी १,६०० कोटी. एकट्या लहान मेंदूत ६,९०० कोटी!

एवढ्याशा जागेत त्या मावतात, कारण बहुतेक पेशी अगदी बारीक आहेत आणि पृष्ठभाग दाट घड्यांचा आहे. त्यांच्यात उठून दिसतात त्या पुर्किन्ये पेशी. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं १८३७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. प्रत्येकीचा फांद्यांचा पसारा एकाच पातळीत पसरलेला आणि त्यावर लाखाहून अधिक तंतूंचे निरोप येऊन पोहोचणारे. मोठ्या मेंदूनं स्नायूंना सोडलेल्या हुकमाची वर्दी लहान मेंदूला मिळते. स्नायू, सांधे आणि अंतर्कर्णाकडून प्रत्यक्षात काय घडलं याची खबर येते. दोन्ही ताडून पाहिलं की तफावत कळते आणि पुढची हालचाल तेवढी नेमकी होते. सायकल शिकताना चाललेला खटाटोप तो हाच.

स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, याचंही उत्तर इथंच सापडतं. १९९८ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी माणसांच्या मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं. आपलाच हात कुठं आणि कसा लागणार याचा अंदाज आधीच बांधलेला असतो, त्यामुळे तो स्पर्श बोथट होतो; आणि या अंदाजात लहान मेंदूचा सहभाग दिसतो. दुसऱ्याच्या बोटांचा असा अंदाज बांधता येत नाही.

हा कारभार कोलमडला तर काय होतं, हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी बारकाईनं टिपलं. डोक्याच्या मागच्या भागात गोळी लागलेले सैनिक त्यांच्यासमोर होते. त्यांना लकवा नव्हता, पण बोट नाकाकडे न्यायला सांगितलं की ते वाटेत थरथरायचं, नाकाच्या पुढं जायचं. लहान मेंदूची उजवी बाजू शरीराच्या उजव्याच बाजूकडे पाहते. म्हणून उजवीकडे इजा झालेल्या एका रुग्णाचा डावा हात आपसूक चालायचा आणि उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल त्याला विचार करून करावी लागायची. नाकाला बोट लावण्याची ती चाचणी डॉक्टर आजही करतात. दारू चढलेला माणूस सरळ रेषेत चालू शकत नाही आणि त्याची जीभ जड होते, त्यातही लहान मेंदूवरच्या परिणामाचा मोठा वाटा असतो.

त्याचं काम हालचालींपुरतं नाही, हे अलीकडे कळलं. जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये दाखवलं की, इथं इजा झालेल्या रुग्णांचं नियोजन, भाषा आणि भावनांवरचा ताबाही बिघडू शकतो. तरी मेंदूची लवचीकता थोर. २०१४ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी चोवीस वर्षांच्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. तिला जन्मतःच लहान मेंदू नव्हता. ती सातव्या वर्षी चालू लागली, चाल अडखळतीच राहिली, पण ती चालत-बोलत होती.

जन्मापासून उणीव असेल तर मेंदूला जुळवून घ्यायला वर्षं मिळतात. एकाएकी झालेल्या आघातात ती मिळत नाहीत. लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटला तर हातपाय लुळे पडतीलच असं नाही. चक्कर, उलट्या, बोबडं बोलणं, आधाराशिवाय उभंही राहता न येणं, एवढीच लक्षणं दिसू शकतात. आणि घरचे ‘पित्त झालंय’ म्हणून लिंबूपाणी देऊन झोपवतात. धोका असा की, लहान मेंदूला सूज आली तर अपुऱ्या जागेत ती शेजारच्या देठावर दाब आणते, आणि श्वासाची सूत्रं त्या देठाकडे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. म्हणून अचानक चक्कर येऊन माणसाला उभंही राहता येत नसेल, तर लिंबूपाण्यात वेळ न दवडता थेट इस्पितळ गाठावं.