कानपो वैद्यांचे काय झाले?

जपानच्या मेइजी सरकारने कानपोवर, म्हणजे चिनी परंपरेतून आलेल्या पारंपरिक जपानी वैद्यकावर, कधीच बंदी घातली नाही. ‘इसेई’ या १८७४च्या वैद्यकीय नियमावलीची ७६ कलमे वाचल्यावर काही वाचकांनी विचारले, की मग जुन्या वैद्यांचे झाले काय?

१८७४च्या सुमारास जपानमध्ये अंदाजे २८ हजार चिकित्सक होते. त्यांपैकी सुमारे २३ हजार कानपोचे. या सर्वांना घरी बसवले असते, तर खेडोपाडी रोग्याची नाडी पाहायलाही कोणी उरले नसते. नागायो सेन्साई यांच्या आरोग्य खात्याने म्हणून जुन्यांना हात लावला नाही, नव्यांची वाट तेवढी बदलली. व्यवसाय करायचा तर परीक्षा द्यायची, आणि विषय कोणते, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया, शस्त्रक्रिया. १८८३च्या परवाना नियमांनी ही चौकट देशभर पक्की केली. काढ्यांना आणि ‘शोकानरोन’सारख्या ग्रंथांना तीत जागाच नव्हती. जुना वैद्य अखेरपर्यंत वैद्य राहिला. त्याची विद्या शिकलेल्या शिष्याला मात्र केवळ तिच्या बळावर परवाना मिळेना. बंदीपेक्षा हा उपाय कितीतरी परिणामकारक ठरला.

रुग्णाच्या खाटेपाशी निकाल इतका सरळ लागला नव्हता. सम्राट मेइजींना स्वतःला बेरीबेरीचा, म्हणजे काक्केचा, त्रास होता. १८७८ मध्ये तोक्योत या रोगासाठी खास रुग्णालय उघडले आणि तेथे पाश्चात्त्य आणि कानपो अशा दोन्ही पद्धतींच्या चिकित्सकांकडे रुग्ण सोपवण्यात आले. लोकांनी या सामन्याला सुमोची कुस्तीच म्हटले. कानपोच्या बाजूने उभे राहिलेले तोदा चोआन रुग्णांचा भात बंद करून त्यांना जव आणि अझुकी हे कडधान्य खायला देत. पांढऱ्या तांदळात बी-१ जीवनसत्त्व फारसे उरत नाही आणि त्याच्याच अभावाने काक्के होतो, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही तोदांचे पथ्य योग्य दिशेचे होते. स्पष्ट विजेता न ठरताच १८८२ मध्ये रुग्णालय बंद झाले. कानपोची हार रुग्णालयात झाली नाही, ती अभ्यासक्रमात झाली, हे या प्रसंगाइतके दुसऱ्या कशातूनही कळत नाही.

वैद्य स्वस्थ बसले नव्हते. बाल राजपुत्र योशिहितो, म्हणजे पुढचे ताइशो सम्राट, यांच्यावर उपचार करणारे असादा सोहाकु हे त्यांचे मोठे आधारस्तंभ. कानपोलाही परवान्याचा मार्ग खुला करावा, ही मागणी थेट संसदेपर्यंत गेली. १८९४ मध्ये असादा वारले आणि पुढच्याच वर्षी संसदेने या मागणीचे विधेयक फेटाळले.

त्यानंतर कानपो तगले ते परवानाधारक डॉक्टरांच्याच हातून. पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वादा केइजुरो यांनी १९१० मध्ये कानपोच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले आणि पुनरुज्जीवनाला तेथून वेग आला. १९७६ मध्ये कानपोची अनेक तयार औषधे राष्ट्रीय आरोग्य विम्यात आली. कानपोचा वेगळा परवाना जपानमध्ये आजही नाही. ही औषधे लिहून देणारा डॉक्टर इतरांसारखाच एकच राष्ट्रीय परीक्षा देऊन आलेला असतो.