बेण्याचा बटाटा माव्यापासून जपा



"जालंधरचं बेणं आणलं, पहिल्या साली पीक झकास आलं. तेच राखून लावलं, तर बटाटा सुपारीएवढा झाला!" अशी तक्रार खेड-आंबेगावकडे नेहमी ऐकू येते. दर वेळी दोष जमिनीचा किंवा खताचा नसतो. पुष्कळदा बेणेच आतून रोगट झालेले असते, आणि तो रोग मावा पसरवतो.

मावा रोगट झाडाचा रस शोषतो आणि त्यातले विषाणू निरोगी झाडाला टोचतो. ते पानातून खाली बटाट्यात उतरतात. बटाटा दिसायला चांगला, पण पुढच्या साली त्याचे झाड रोग घेऊनच उगवते. विषाणूवर औषध नाही. माव्यावर फवारा मारता येतो. पण काही विषाणू मावा क्षणात टोचतो, तो मरेपर्यंत काम झालेले असते.

म्हणून बेण्याच्या प्लॉटात एवढे करा :

१. बेणे प्रमाणित घ्या. प्लॉट खाण्याच्या बटाट्यापासून आणि वांगी, मिरची, कोबीपासून दूर ठेवा.

२. खालची पाने वर वळून कडक झालेली, चट्टेपट्टे पडलेली किंवा खुरटी झाडे दिसताच बटाट्यासकट उपटून नष्ट करा.

३. आठवड्यातून एकदा मावा मोजा. शेतात तिरपे चालत ३३-३४ झाडांची वरचे, मधले व खालचे अशी पूर्ण पाने उलटून पाहा. १०० पानांवर २० मावे दिसले, की पाला कापायची वेळ आली.

४. पाला जमिनीलगत कापा. नवे फुटवे येऊ देऊ नका. कोवळ्या फुटीवर मावा आधी बसतो. साल पक्की झाल्यावर, १५-२० दिवसांनी काढणी करा.

सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ही रीत उत्तरेच्या मैदानी भागासाठी बसवली. पंजाबात ऑक्टोबरात लावून डिसेंबरअखेरीच्या सुमारास पाला कापतात, कारण पुढे तिथे मावा वाढतो. आपल्याकडे मावा त्याआधीही येऊ शकतो. तेव्हा तारीख धरू नका, पाने मोजा.

"अजून पंधरा दिवस राहू द्या, बटाटा पोसेल," असे मन म्हणेल. खाण्याच्या बटाट्याला ते ठीक. बेण्याला मात्र ते पंधरा दिवस पुढच्या सबंध पिकाला महाग पडतात.

फोरेट हे जुने दाणेदार औषध २०२० अखेर बंद झाले आहे, ते वापरू नका. सध्या कोणते औषध चालते, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच घ्या.