वापरलेल्या ॲसिडचा जमाखर्च

परिव्ययाच्या पुस्तकात मुख्य उत्पादन, उपउत्पादन आणि टाकाऊ माल असे तीन वर्ग शिकवले जातात. साखर कारखान्याचे उदाहरण घेतले की ते लगेच समजतात: साखर मुख्य, मळी उपउत्पादन. परंतु एखादी वस्तू टाकाऊ की उपउत्पादन, हे केवळ तिच्या गुणावर ठरत नाही. ती परत मिळवायला किती खर्च येतो आणि फेकून दिल्यास तो खर्च कोणाच्या माथी बसतो, यावरही ते ठरते. लोखंड-पोलादाच्या धंद्यातील वापरलेले ॲसिड हे याचे चांगले उदाहरण होय.

लोखंड तापवून लाटले की हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो व त्यावर निळसर-काळा थर चढतो. लोहार ऐरणीवर घाव घालतो तेव्हा ज्या काळ्या खपल्या उडतात, त्याच जातीचा हा थर. तो असताना पत्र्यावर जस्ताचा मुलामा नीट बसत नाही, आणि पुढे थंड लाटणीत पत्रा गुळगुळीतही होत नाही. म्हणून पत्रा, नळी किंवा तार ॲसिडच्या हौदातून काढतात. या कामाला कारखान्यात ‘पिकलिंग’ म्हणतात. (लोणच्याचा आणि याचा संबंध आंबटपणापुरताच!) पूर्वी यासाठी गंधकाम्ल वापरीत, १९६० नंतरच्या काळात मोठ्या गिरण्या हळूहळू हायड्रोक्लोरिक आम्लाकडे वळल्या, कारण ते काम लवकर करते आणि पत्रा अधिक स्वच्छ निघतो.

ॲसिड थर खाते आणि त्याचे फेरस क्लोराइड होते. द्रव हिरवट दिसू लागतो. एका लिटरमध्ये १०० ते १३० ग्रॅम लोह विरघळले आणि मोकळे आम्ल ३० ते ५० ग्रॅमवर आले की काम मंदावते. मग हौद रिकामा करतात. ‘ॲसिड संपले’ असे कामगार म्हणतात.

खरे म्हणजे ते संपलेले नसते. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर रोकड संपत आली आहे, पण येणे बाकी शिल्लक आहे. समजा, १००० लिटर वापरलेले ॲसिड आहे. त्यात लिटरला १२० ग्रॅम लोह व ४० ग्रॅम मोकळे आम्ल आहे. मोकळे आम्ल ४० किलो, ही रोकड. पण १२० किलो लोहाने आपल्याशी बांधून ठेवलेले आम्ल सुमारे १५७ किलो आहे, कारण दर किलो लोहामागे १.३ किलोहून थोडे अधिक आम्ल गुंतते. म्हणजे एकूण १९७ किलो. बाजारात मिळणाऱ्या ३० टक्के तीव्रतेच्या ॲसिडच्या हिशेबाने हा साडेसहाशे किलो माल झाला. पाचातले चार भाग उधारीत अडकले आहेत, एवढेच.

आता ही उधारी बुडीत धरली तर काय होते? नेहमीचा मार्ग चुन्याचा. वरील १००० लिटरसाठी शुद्ध विरवलेला चुना २०० किलो लागतो. लोह गाळ होऊन खाली बसते. कोरडा धरला तर हा गाळ २३० किलोच्या आसपास, पण दाबून काढल्यावरही त्यात निम्म्याहून अधिक पाणी राहते, तेव्हा प्रत्यक्ष वजन दुपटीच्या वर जाते. तो घातक कचरा म्हणून ठरवून दिलेल्या जागी पैसे भरून पाठवावा लागतो. वर राहिलेले पाणी स्वच्छ दिसते, आंबटही नसते. मात्र त्यात ३०० किलो कॅल्शियम क्लोराइड विरघळलेले असते. ते गाळणीने अडत नाही, चुन्याने खाली बसत नाही. ओढ्यात सोडले तर जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते. विहिरीचे पाणी मचूळ झाले, पिकाची पाने कडेने करपली, तर तो खर्च कारखान्याच्या नफा-तोटा पत्रकात कोठेच येत नाही. शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो. आपल्या भाषेत चुना लावणे याला जो अर्थ आहे, तो इथे अक्षरशः लागू पडतो.

वसुलीचा मार्ग म्हणजे भाजणे. ऑस्ट्रियातील रुथनर कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत यात प्रसिद्ध आहे. वापरलेले ॲसिड प्रथम भट्टीतून येणाऱ्या गरम वायूच्या झोतात फिरवून आटवतात. वायू निवतो आणि द्रव घट्ट होतो, म्हणजे एकाच उष्णतेत दोन कामे. मग उंच, उभ्या, आतून विटांनी मढवलेल्या भट्टीत माथ्यावरून त्याचा बारीक फवारा सोडतात. भट्टीतील तापमान ६०० ते ७०० अंश सेल्सिअस. थेंब खाली येता येता त्यातील पाणी उडते, आणि फेरस क्लोराइड वाफ व हवेतील ऑक्सिजन यांच्याशी संयोग पावते. लोहाचे ऑक्साइड होते, ते तांबडी पूड होऊन तळाशी पडते. सुटलेले आम्ल वायुरूपाने वर जाते. हा वायू पुढे एका मनोऱ्यात पाण्याच्या धारांखालून नेला की सुमारे १८ टक्के तीव्रतेचे ॲसिड तयार. या मनोऱ्यात साधे पाणी घालण्याऐवजी पत्रा धुतलेले आंबट पाणीच घालतात, त्यामुळे धुवणातील ॲसिडही वाया जात नाही.

वसुली ९९ टक्क्यांच्या आसपास होते. आपल्या १९७ किलोंचे १८ टक्क्यांच्या हिशेबाने जवळजवळ १००० लिटर ॲसिड होते. गेले तेवढेच परत आले! शिवाय १७० किलो लोह ऑक्साइड हाती राहिले. ते पत्र्यावरील थरातून आणि थोडे पत्र्यातून आलेले लोह होय.

पण वसुलीला खर्च आहे. त्या १००० लिटरमध्ये साधारण ९५० किलो पाणी असते. साध्या तापमानाच्या एक किलो पाण्याची वाफ करायला ६२० किलोकॅलरी लागतात, म्हणजे नुसते पाणी उडवायलाच सुमारे ६० किलो भट्टी-तेल हवे. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण सगळी उष्णता कामी येत नाही. गरम आम्लवायूला लोखंडी नळ चालत नाहीत, रबर व ॲसिडरोधक विटांचे अस्तर लागते. धुराड्यातून आम्लाचा अंश व पूड बाहेर जाऊ नये म्हणून वायू पुन्हा धुवावा लागतो. दिवसरात्र चालणाऱ्या मोठ्या गिरणीलाच हे परवडते.

मोठ्या गिरणीला यात ऑक्साइडचाही हातभार मिळतो. आपल्या खिडकीच्या गजांना रंगाआधी जो रेड ऑक्साइड लावतात, त्याच कुळातली ही पूड. पण तिचा खरा मान फेराइट चुंबकांच्या धंद्यात आहे. गणेशोत्सवात मांडवात जे कर्णे लागतात, त्यांतील काळे ठिसूळ चुंबक बहुधा लोह ऑक्साइड व स्ट्रॉन्शियम यांच्या संयुगाचे असतात. येथे भाव शुद्धतेवर ठरतो. सिलिका किंवा क्लोराइड थोडे अधिक राहिले की तीच पूड स्वस्त रंगाच्या भावात जाते. म्हणून काही ठिकाणी ॲसिड भाजण्याआधीच त्यातील सिलिका काढून टाकतात. ८५० अंशांच्या आसपास चालणारी दुसऱ्या प्रकारची भट्टीही आहे. तिच्यात पुडीऐवजी जड दाणे मिळतात. ते उडत नाहीत आणि पोलाद कारखान्यात पुन्हा वापरता येतात, पण चुंबकवाल्यांच्या कामाचे नाहीत.

गंधकाम्लाची गोष्ट निराळी. ते द्रव थंड केले की हिरवे खडे जमतात. हा आपला जुना हिराकस, जो हिरड्याबरोबर काळा रंग करायला रंगारी वापरीत. खडे काढल्यावर मोकळे आम्ल पुन्हा हौदात घालता येते. तथापि हिराकसात गुंतलेले आम्ल गेले ते गेलेच, आणि एक किलो लोहामागे पाच किलो हिराकस तयार होतो. एवढा विकायचा कोणाला, हा प्रश्न उरतो.

आमच्या बेळगावसारख्या गावात मोठी गिरणी नाही. मुलामा देणारे आणि तार ओढणारे छोटे कारखाने असतात, त्यांचा हौद दोन-चार हजार लिटरचा. त्यांना भाजण्याची भट्टी परवडत नाही. अशा एका कारखान्यामागची गटार मी पाहिली आहे. पाणी सुटते तेव्हा हिरवट असते, दहा पावलांवर गंजासारखे तांबूस होते. पण भट्टी नाही म्हणून दुसरा मार्गच नाही, असे नव्हे. वापरलेल्या ॲसिडमध्ये क्लोरीन सोडून फेरिक क्लोराइड करता येते, आणि ते सांडपाणी निवळण्यासाठी विकले जाते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ९ व्या नियमानुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने असा वापर करता येतो. पाच-सहा कारखान्यांनी मिळून टँकर भरला तर वाहतुकीचा भारही वाटला जातो.

त्यासाठी एक पथ्य मात्र पाळावे लागते. मुलामा बिघडलेला माल जस्त उतरवण्यासाठी त्याच हौदात बुडवला की ॲसिडमध्ये जस्त उतरते, आणि असे मिश्रण घ्यायला कोणी सहसा तयार होत नाही. ते भट्टीत चिकटते आणि फेरिक क्लोराइडही नासवते. तेव्हा जस्त उतरवण्याचा हौद वेगळा हवा. बहुतेक ठिकाणी एक जुना हौद कोपऱ्यात पडलेला असतोच. त्याचे अस्तर दुरुस्त करायचे आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘जस्त’ असे मराठीत व कन्नडमध्ये लिहायचे.