चिखलावरचे बारके पाहुणे

फ्लेमिंगोंचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात, म्हणून शिवडीची खाडी म्हटली की लोकांना तेवढेच आठवतात. पण त्यांच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच, शिवडी-माहुलच्या चिखलावर बारके पाहुणे उतरतात. त्यांच्याकडे कोण बघतो?

टिलवा हा पक्षी चिमणीएवढा, वजन जेमतेम २५ ग्रॅम. जन्म पार उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात. त्याच्याबरोबर बाकदार चोचीचा तुतवार येतो, तोही सैबेरियातला. आधी मोठी येतात. पिल्ले पंखांत बळ आल्यावर मागून निघतात. हजारो किलोमीटरची पहिलीच वाट, आणि बरोबर ना आई ना बाप!

एवढे उडून येतात ते या चिखलासाठी. आपण ज्याला घाण म्हणतो, त्यात कृमी, बारीक शिंपले, खेकडे खच्चून भरलेले असतात. छोटा चिखल्या डोळ्यांनी हेरतो: पळतो, थबकतो, टिपतो. तुतवार चोच खुपसून चाचपतो. जेवढी चोच लांब तेवढा घास खोल, त्यामुळे एकाच चिखलावर सगळ्यांचे भागते. भराव पडला की हे ताट गेलेच. याच चिखलावरून अटल सेतू गेला. २०२४ पासून त्यावर गाड्या धावतात.

बघायला जायचे तर भरती चढू लागताना जावे. पाणी पक्ष्यांना काठाकडे ढकलते, मग दुर्बिणीवाचूनही दिसतात. मुलांना जरूर न्यावे, मात्र चिखलात उतरू देऊ नये, पाय रुततो. ऑगस्टात आलेल्या एखाद्या तुतवाराच्या छातीवर तिकडच्या उन्हाळ्यातला विटकरी रंग अजून शिल्लक असतो. तो शोधायला सांगावे.