भूमिगत इंधन टाक्यांची तपासणी (अमेरिका)

भूमिगत इंधन टाक्यांची तपासणी ही अमेरिकेतील पेट्रोल पंपांवर जमिनीखाली पुरलेल्या टाक्या, त्यांना जोडलेल्या नळ्या आणि गळतीशोधक उपकरणे नियमांनुसार सुस्थितीत आहेत की नाहीत, हे पडताळण्याची शासकीय प्रक्रिया आहे. यासंबंधीचे किमान नियम तेथील केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था ठरवते. प्रत्यक्ष तपासणी बहुतांशी राज्य शासनांचे निरीक्षक करतात. टाकी मातीखाली असल्यामुळे ती निरीक्षकाला प्रत्यक्ष पाहता येत नाही. म्हणून या तपासणीचा भर पंपचालकाने ठेवलेल्या नोंदी आणि उपकरणांची स्थिती यांवर असतो.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकापूर्वी पुरलेल्या बहुतेक टाक्या गंजरोधक संरक्षण नसलेल्या साध्या पोलादाच्या होत्या. मातीतील ओलाव्यामुळे त्या गंजत आणि छिद्रांतून इंधन झिरपत असे. अशी गळती जमिनीवर दिसत नाही. ती बहुधा परिसरातील विहिरींच्या पाण्याला वास येऊ लागल्यावरच लक्षात येई.

पेट्रोलमधील बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील त्याची कमाल मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये आकारमानाने ०.६ टक्के बेंझीन आहे असे धरल्यास, एक लिटर पेट्रोलमधील बेंझीन सुमारे १० लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत दूषित करण्यास पुरेसे ठरते. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका शहराला आपल्या पाणीपुरवठ्याच्या अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या. त्यांत एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे रसायन आढळले होते.

कायदेशीर चौकट

अमेरिकी काँग्रेसने १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून भूमिगत टाक्यांचे नियमन सुरू केले. त्यानुसार १९८८ मध्ये सविस्तर नियम जारी झाले. जुन्या टाक्या सुधारण्यासाठी, बदलण्यासाठी किंवा बंद करण्यासाठी २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत देण्यात आली. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने प्रत्येक नियमित टाकीची किमान दर तीन वर्षांनी प्रत्यक्ष जागेवर तपासणी बंधनकारक केली. २०१५ च्या सुधारित नियमांनी चालकाने स्वतः करावयाच्या नियतकालिक पाहणीची भर घातली.

ज्या टाकीचे व तिच्या भूमिगत नळ्यांचे मिळून किमान १० टक्के आकारमान जमिनीखाली असते, ती भूमिगत मानली जाते. शेतावरील किंवा घरगुती वापराच्या, १,१०० गॅलनपर्यंतच्या (सुमारे ४,१६० लिटर) अव्यापारी मोटारइंधन टाक्या या नियमांतून वगळल्या आहेत.

तपासणीचे स्वरूप

निरीक्षक साधारणपणे पुढील बाबी पाहतो :

गळतीशोध : टाकीवर किमान दर ३० दिवसांनी देखरेख झाल्याच्या नोंदी आवश्यक असतात. स्वयंचलित मापक वापरला जात असल्यास त्याने तासाला ०.२ गॅलन (सुमारे पाऊण लिटर) इतकी गळती ओळखणे अपेक्षित असते. दुहेरी भिंतींच्या टाकीत दोन भिंतींमधील पोकळीवर लक्ष ठेवले जाते.

नळ्या : दाबाखाली इंधन वाहणाऱ्या नळ्यांवरील गळतीशोधक तासाला ३ गॅलन गळती एका तासात ओळखू शकतो का, याची वार्षिक चाचणी झालेली असावी लागते.

गंजरोध : पोलादी टाकीचे विद्युत-रासायनिक संरक्षण दर तीन वर्षांनी तपासले जाते. बाहेरून वीज पुरवणारी यंत्रणा असल्यास तिची पाहणी दर ६० दिवसांनी करावी लागते.

सांडणे व ओसंडणे : टँकरमधून इंधन भरताना सांडलेले इंधन झेलणारे भरणनळीभोवतीचे पात्र कोरडे व अभंग असावे लागते. टाकी ९५ टक्के भरताच प्रवाह थांबवणारी झडप किंवा ९० टक्क्यांवर वाजणारी धोक्याची घंटा यांसारखी व्यवस्थाही पाहिली जाते.

प्रशिक्षण व आर्थिक हमी : जबाबदार कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची, तसेच गळती झाल्यास स्वच्छता व नुकसानभरपाईचा खर्च भागवण्याच्या क्षमतेची कागदपत्रे मागितली जातात.

कारवाई

त्रुटी आढळल्यास दुरुस्तीची मुदत, दंड किंवा इंधन भरण्यास मनाई अशी कारवाई होऊ शकते. मनाई झालेल्या टाकीच्या भरणमुखावर अनेक राज्यांत लाल पट्टी लावली जाते. ती असेपर्यंत तीत इंधन भरता येत नाही. गळतीचा संशय आल्यास चालकाने २४ तासांच्या आत संबंधित यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे.

मर्यादा

दोन तपासण्यांमधील तीन वर्षांत टाकी केव्हाही गळू शकते. त्यामुळे या व्यवस्थेचा पाया चालकाची मासिक देखरेख हाच आहे. धोक्याची घंटा वारंवार वाजते म्हणून ती बंद करून ठेवली, किंवा मापन न करताच नोंद भरली, तर मधल्या काळातील गळती उशिरा उघडकीस येते. गळतीच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात झाल्यापासून अमेरिकेत ५ लाखांहून अधिक ठिकाणी भूमिगत टाक्यांतून गळती झाल्याचे सिद्ध झाले आहे.

भारतातील व्यवस्था

भारतात पेट्रोल पंपांवरील भूमिगत साठवण पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांच्या कक्षेत येते. त्यासाठीचा परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. ग्राहकाला मिळणारे इंधन मापात आहे की नाही, हे मात्र राज्याची वैधमापन यंत्रणा तपासते.