बिअरच्या बाटलीत मराठवाड्याचं काय?

अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहराचं नाव बिअरशी जोडलं गेलं, कारण बिअरला लागणारं जवळजवळ सगळं तिथे हाताशी होतं. शेजारी मिशिगन सरोवर होतं, आसपास जव आणि हॉप्स पिकत होते. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ कापून तळघरात साठवला की उन्हाळ्यातही बिअर थंडाव्यात मुरायची. 1840 नंतर लोंढ्याने आलेल्या जर्मनांकडे लागर बिअर करण्याची विद्या होती. पाब्स्ट, श्लिट्झ, मिलर ही घराणी यातूनच मोठी झाली. 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात त्या शहरातली कामं गेली, कारण धंद्याची मुळं तिथल्याच मातीत आणि माणसांत होती.

आपल्याकडे बिअरचं शहर म्हणून नाव झालं ते औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यांत गेल्या काही दशकांत देशी-परदेशी कंपन्यांचे बिअरचे कारखाने उभे राहिले. इथे ना थंडी, ना जव. जव येतात राजस्थान-हरियाणाकडून, हॉप्स बहुतांशी परदेशातून. ज्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे आणि परवान्यांच्या वाटेनेच धंदा चालतो, तिथे हे शहर निसर्गाने नव्हे, सरकारी धोरणाने घडवलं: औद्योगिक वसाहतीचे भूखंड, रस्ते आणि पैठणच्या जायकवाडी धरणातून आलेली जलवाहिनी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की या बाटलीत मराठवाड्याचा खरा कच्चा माल एकच आहे, पाणी. आणि या उद्योगाचा हिशेब पाण्यातच मांडला पाहिजे.

हा हिशेब 2016 मध्ये उघड्यावर आला. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेत 5 लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं. लातूरची तहान भागवणारी मांजरा उगम पावते ती बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. पाटोद्याच्या माथ्यावर जायकवाडीचा कालवा चढत नाही; पाऊस पडेल तेवढंच पाणी. अशा ठिकाणच्या गावाला धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही.

यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो खरा आहे. लिटरभर बिअरमागे कारखान्यात चार-पाच लिटर पाणी लागतं, चांगले कारखाने त्याहून कमीत भागवतात. धरणाच्या मानाने हे थेंबभरच. उलट राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे 70 टक्के वाटा पितो, हे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाच्याच अहवालात आलेलं आहे. ज्या पाटोद्यातून दर दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात, त्याने तर उसाला सोडून बिअरवर बोट ठेवणं अन्यायाचंच. दुष्काळ बिअरने आणला नाही, हे मला मान्य आहे. पण प्रमाण आणि क्रम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घरात घागरभर पाणी उरलं असताना त्यातला तांब्या कुणाला आधी द्यायचा, हे तांब्याच्या आकारावरून ठरत नाही. राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती, असा क्रम लावला होता. 2011 मध्ये तो बदलून शेतीला दुसरं स्थान द्यावं लागलं. पिण्याचं पाणी कायम पहिलं होतं. तरीही 2016 मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

दुसरा आक्षेप रोजगाराचा आणि महसुलाचा. उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं, त्याचा काही भाग फिरून इकडे येतोही. पण बिअरचा कारखाना मोठ्या टाक्या आणि यंत्रांवर चालतो, माणसं थोडी लागतात. आणि धान्य बाहेरचं असल्याने शेतकऱ्याच्या पदरी काही पडत नाही. हे बदलता येतं. नायजेरियाने 1988 मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी ज्वारीपासून बिअर करायचं तंत्र बसवलं. ज्वारीला जवासारखं टरफल नसतं, तिचा स्टार्च जास्त तापमानाला शिजतो, म्हणून वेगळी विकरं घालावी लागतात, ते जमलं. आपल्याकडे धान्यापासून मद्य काढायला अनुदान देण्याच्या धोरणाला 2007 नंतर कडाडून विरोध झाला, कारण ज्वारी हे गरिबाचं अन्न. तो विरोध योग्यच होता. मात्र अवकाळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी बाजारात मातीमोल जाते, तिचा विचार वेगळा करायला हवा. अशी ज्वारी कारखान्यात चालते का, याचे प्रयोग मराठवाड्यातच, परभणीच्या कृषी विद्यापीठात होऊ शकतात, आणि त्यांचा खर्च जायकवाडीचं पाणी वापरणाऱ्यांनी उचलावा.